जांघेतला हर्निया आणि धानाचा हंगाम

चुरणी आटोपली की आधारभूत खरेदी केंद्रांसमोर धानाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. चाळीस किलोचा एकेक कट्टा खांद्यावर घ्यायचा, काट्यावर ठेवायचा, उचलून पुन्हा थप्पीवर रचायचा. वर्षभर जांघेत दबून असलेली गाठ नेमकी याच दिवसांत डोके वर काढते. मग माणूस आडोशाला जातो, बोटांनी ती आत ढकलतो, लंगोट आवळतो आणि पुढच्या कट्ट्याला हात घालतो. घरी सांगत नाही. जागाच अशी की सांगायची लाज वाटते.

भंडारा जिल्ह्यात अंगमेहनतीच्या कामांची वानवा नाही. राईस मिल आहेत, विटाभट्ट्या आहेत, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आहेत. त्यामुळे ‘वजन उचललं म्हणून आंत उतरलं’ हे वाक्य इथे घरोघरी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. हर्नियाची खरी मुळे त्याच्या आधीची असतात.

मुलगा आईच्या पोटात असताना त्याचे वृषण त्याच्याच पोटात, कमरेच्या बाजूला तयार होतात. जन्माच्या सुमारास ते खाली अंडकोशात उतरतात आणि उतरताना जांघेतल्या स्नायूंमधून वाट काढतात. त्यांच्याबरोबर पोटाच्या अस्तराची एक पिशवीही खाली येते. ती पुढे मिटायला हवी. काहींची मिटत नाही. जिथून ही वाट गेली तिथली भिंत पुरुषाच्या अंगात जन्मभर जरा कच्चीच राहते. जांघेचा हर्निया पुरुषांत इतका जास्त असण्याचे कारण हेच. सर्वसाधारण अंदाज असा की आयुष्यात कधी ना कधी चार पुरुषांपैकी एकाला तो होतो. स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

वय वाढते तशी भिंतीतली धाग्यांची वीण सैल होते. घरात वडिलांना, भावाला हर्निया असेल तर शक्यता आणखी वाढते. बिडीमुळे जुनाट खोकला जडलेला असतो, शौचाला कुंथावे लागते, प्रोस्टेट वाढल्याने लघवीला जोर करावा लागतो. या प्रत्येकाने पोटातला दाब दिवसातून कितीतरी वेळा चढतो. बांधीत पाणी तुंबले की धुरा जिथे आधीच पोकळ असतो तिथेच फुटतो, तसे हे आहे. कट्टा हे शेवटचे निमित्त. म्हणून केवळ वजन उचलणे बंद करून हर्निया बरा होत नाही, आणि ‘मी तर खुर्चीत बसून काम करतो’ म्हणणाऱ्यालाही तो टळत नाही.

गाठ हर्नियाचीच आहे का?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात जास्त महत्त्वाचा, कारण पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा पट्टा आहे. आरोग्य विभागाचे लोक घरोघरी हत्तीरोगाच्या गोळ्या वाटतात, समोर खायला लावतात, ते उगाच नाही. या रोगाने पाय सुजतो हे सगळ्यांना माहीत असते. पुरुषांत त्याचा सर्वांत जास्त दिसणारा परिणाम मात्र अंडकोशात पाणी भरणे, म्हणजे हायड्रोसील, हा असतो. गावात हर्निया आणि हायड्रोसील दोन्हींना ‘अंडवृद्धी’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो.

फरक बराचसा घरीच कळतो. हर्नियाची गाठ जांघेत वरच्या बाजूला सुरू होते, उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर फुगते आणि उताणे झोपल्यावर बहुधा आत जाते. कधी आत जाताना गुडगुड आवाजही येतो. हायड्रोसील झोपल्याने नाहीसे होत नाही. त्याच्या वर बोटे नेली तर सूज तिथेच संपल्याचे जाणवते. हर्नियाच्या गाठीचे वरचे टोक सापडत नाही, कारण ते पोटातच असते. जुना, मोठा हर्निया अंडकोशापर्यंत उतरला असेल किंवा दोन्ही एकत्र असतील तर मात्र घरचा अंदाज चालत नाही. पायाला काटा लागून जखम पिकली की जांघेत येते ते अवधाण. ते दुखते, ठणकते आणि खोकल्याने फुगत नाही.

अंडकोशात न दुखणारी कडक गाठ लागली तर ती वेगळी बाब आहे, लगेच दाखवा. आणि तरुण मुलाचे वृषण अचानक जोरात दुखू लागले तर सकाळची वाट पाहू नका. वृषणाला पीळ बसला असेल तर ते वाचवायला पाच-सहा तासच हातात असतात.

निदानाला डॉक्टरचे हात बहुतेक वेळा पुरतात. उभे करून, खोकायला लावून, झोपवून तपासले की झाले. सोनोग्राफी शंका असेल तेव्हाच लागते. तुम्हाला उभे न करता, हात न लावता थेट तपासण्यांची चिठ्ठी हातात ठेवली, तर तपासून घेण्याचा आग्रह तुम्हीच धरा.

थांबायचे की करून टाकायचे?

औषधाने, काढ्याने, मालिशीने, झाडपाल्याच्या लेपाने हर्निया बंद होत नाही. भिंतीला पडलेले भोक आहे, ते शिवावे किंवा झाकावे लागते. हर्नियाच्या पट्ट्याचेही तेच. ज्याला शस्त्रक्रिया झेपणारच नाही अशा फार थकलेल्या माणसाला पट्ट्याने थोडा आराम मिळतो. तोही झोपून, गाठ आत घालून मगच बांधायचा. बाहेर आलेल्या आतड्यावर पट्टा आवळणे म्हणजे धोक्याला बोलावणे.

पण शस्त्रक्रिया उद्याच करायला हवी असेही नाही. अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. या सर्वांना हर्निया होता, पण त्रास नगण्य होता. अर्ध्यांची शस्त्रक्रिया केली, अर्ध्यांना नुसते देखरेखीखाली ठेवले. थांबलेल्यांपैकी आतडे अडकून तातडीने नेण्याची वेळ फार थोड्यांवर आली, वर्षाला हजारात दोनपेक्षाही कमी. म्हणजे त्रास नसलेल्या पुरुषाला विचार करायला वेळ असतो. मात्र या थांबलेल्या लोकांची पुढे पाहणी झाली तेव्हा दिसले की दहा वर्षांत त्यांच्यातल्या दोन-तृतीयांश जणांनी अखेर शस्त्रक्रिया करून घेतलीच, मुख्यतः दुखू लागले म्हणून.

यातून माझे मत असे झाले आहे: अंगमेहनत करणाऱ्याने शस्त्रक्रिया टाळत बसण्यात अर्थ नाही, पण घाबरून धावण्यातही नाही. वेळ आपण निवडायची. आतड्याला निवडू द्यायची नाही.

निवड करताना पंचांग शेतीचे बघा. शस्त्रक्रियेनंतर जड वजनासाठी सहा आठवडे हाताशी ठेवले की सगळे सोपे होते. एकच पीक घेणाऱ्याला धान विकून झाल्यापासून, म्हणजे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत मोकळा काळ मिळतो. मे उजाडला की तेंदूपाने येतात आणि मग चिखलणी, पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीवर वाहून नेणे. गोसेखुर्द धरणाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणाऱ्यांना ही सवड नसते. त्यांनी खरिपाची रोवणी आटोपल्यावर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचे दिवस धरावेत; कापणीपर्यंत माणूस उभा राहतो. हमाल आणि मिलमजुरांनी हंगाम तोंडावर असताना तारीख घेऊ नये, हंगाम संपताच घ्यावी.

एका प्रसंगी मात्र पंचांग बघायचे नाही. गाठ नेहमीसारखी आत जाईना, कडक झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले, शौच आणि वारा दोन्ही बंद झाले, किंवा गाठीवरची कातडी लाल-जांभळी झाली, तर आतडे अडकले आहे. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ते सडू लागते आणि तेवढा तुकडा कापून काढावा लागतो. अशा वेळी जोर लावून गाठ दाबू नका, शेकू नका, जुलाबाचे औषध किंवा एनिमा देऊ नका, खायला-प्यायला काही देऊ नका. १०८ ला फोन करा आणि सर्जन व भूलतज्ज्ञ दोघेही असतील अशाच ठिकाणी न्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही शस्त्रक्रिया होत नाही. तुमसर-साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयांत त्या वेळी सर्जन आहे का हे रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला विचारायला सांगा. नसेल तर थेट भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय. तिथून नागपूर साठेक किलोमीटर आहे, पण आधी भंडारा ओलांडून पुढे धावण्यात बहुधा वेळच जातो.

जाळीची गोष्ट

पूर्वी सर्जन भोकाच्या दोन्ही कडा ओढून टाके घालत. इटलीच्या एदुआर्दो बासिनी यांनी १८८० च्या दशकात घालून दिलेली ही रीत शंभर वर्षे चालली. ओढून शिवलेले कापड जसे पुन्हा उसवते तशा या कडा पुष्कळांच्या बाबतीत उसवत आणि हर्निया परत येई. १९८० च्या दशकात अमेरिकेत अर्विंग लिश्टेनस्टाइन यांनी कडा ओढणेच सोडले. कच्च्या जागेवर प्लॅस्टिकच्या बारीक धाग्यांची जाळी पसरायची, तिच्यातून शरीराचे ऊतक वाढते आणि भिंत पक्की होते. परत येण्याचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आज जगभर हीच मुख्य पद्धत आहे.

अडचण पैशाची होती. परदेशी जाळी महाग, गावचा रोगी गरीब. इथे महाराष्ट्रातल्या एका लहान गावाचे नाव येते. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी १९९० च्या दशकात मच्छरदाणीचे कापड तपासले. धागा त्याच जातीच्या प्लॅस्टिकचा, वीणही जवळपास तशीच. ते धुऊन, निर्जंतुक करून त्यांनी हर्नियात वापरले. किंमत काही रुपये. इतर सर्जनांनाही सोबत घेऊन त्यांनी याचे निष्कर्ष २००३ साली इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत मांडले. पुढे ही कल्पना आफ्रिकेत गेली. युगांडात ३०२ पुरुषांवर मच्छरदाणीच्या कापडाची आणि महागड्या जाळीची रीतसर तुलना झाली. ती २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परतला होता, महागड्या गटात एकाचाही नाही. फरक म्हणावा असा नव्हताच.

ही हकिगत सांगण्यामागे हेतू आहे. ‘इम्पोर्टेड जाळी’, ‘थ्रीडी जाळी’ असे शब्द फेकून कुणी बिल दुप्पट करू लागला तर दोंडाईचा आठवावा. साधी, चांगली निर्जंतुक केलेली पॉलिप्रॉपिलीनची जाळी बहुतेकांना पुरेशी आहे. तसेच ‘लेझरने हर्निया’ या पाट्यांचे. लेझरने भिंत शिवली जात नाही.

दुर्बिणीने करावी की उघडून? दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत दुखणे कमी, कामावर परतणे थोडे लवकर. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा एकदा उघडून केलेला परत आला असेल तर ती सरस ठरते. पण तिला पूर्ण भूल लागते आणि सराव असलेला हात लागतो. उघडी शस्त्रक्रिया कमरेत सुई देऊन किंवा नुसती जागा बधिर करूनही होते, साधारण तासाभरात आटोपते. दम्याच्या, हृदयविकाराच्या म्हाताऱ्या माणसाला जागा बधिर करून केलेली कितीतरी सुरक्षित. पहिल्यांदाच झालेल्या एका बाजूच्या हर्नियासाठी जवळच्या सरकारी रुग्णालयातली उघडी शस्त्रक्रिया नाकारून दुर्बिणीसाठी कर्ज काढणे मला पटत नाही. ज्यांना जाळी नकोच असते त्यांच्यासाठी पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी स्नायूच्या आवरणाचीच पट्टी वापरण्याची पद्धत २००१ साली मांडली. ती सगळीकडे होत नाही. विचारून पाहायला हरकत नाही.

आधीची तयारी

आपल्याकडच्या रोग्याने डॉक्टरने विचारले नाही तरी सांगायची एक गोष्ट: घरात सिकलसेल आहे का. भंडारा-गोंदिया-गडचिरोली पट्ट्यात हा आजार अनेक घरांत आहे. सिकलसेलच्या रोग्याला शस्त्रक्रियेत थंडी, शरीरातले पाणी कमी होणे आणि प्राणवायू कमी पडणे बाधते, म्हणून भूलतज्ज्ञाला ते आधी माहीत हवे. कधी तपासणी झालीच नसेल तर शस्त्रक्रियेआधी सांगून करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. वाहक असलेल्यांना सहसा अडचण येत नाही, तरी त्यांनीही सांगावे.

दुसरी गोष्ट खर्रा आणि बिडी. खर्रा आमच्याकडे चहाआधी तोंडात जातो, हे सांगायला नको. तंबाखूने जखम उशिरा भरते, बिडीने खोकला सुटतो आणि ताज्या टाक्यांवर प्रत्येक खोकल्याचा झटका बसतो. निदान महिनाभर आधीपासून दोन्ही बंद. जमले तर कायमचेच बंद होईल, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. साखर आटोक्यात आणा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, स्वतःहून थांबवू नका. रात्री तीनदा-चारदा लघवीला उठावे लागत असेल, धार अडत असेल तर प्रोस्टेटचे आधी बघून घ्या. नाहीतर शस्त्रक्रियेनंतर लघवी अडून नळी घालायची वेळ येते.

घरी आल्यावर

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायचे. अंडकोशावर काळे-निळे पडते, सूज येते. बघून धक्का बसतो पण दोन आठवड्यांत ओसरते. सहा महिने खाटेवर पडून राहायची रीत जुनी झाली. हलकी कामे दुखणे सोसेल तशी आठवडाभरात सुरू करता येतात. अचानक ब्रेक दाबला तरी जांघेत कळ येत नाही, तेव्हा मोटारसायकल चालवावी. कट्टा, सिमेंटची गोणी, धानाचे भारे यांना मात्र ते सहा आठवडे द्या. जन्मभर वजन उचलायचे नाही, असे कुणी सांगितले तर ते मनावर घेऊ नका. जाळीने पक्की केलेली भिंत कामासाठीच असते.

भाताने जखम पिकते असेही कुणीतरी सांगेलच. भात खा, वरण खा, भाजी खा, पाणी भरपूर प्या. शौचाला कुंथावे लागू नये एवढेच पथ्य. जखमेतून पू येणे, ताप येणे, गाठीच्या जागी वाढती ठसठस, ही परत दाखवण्याची कारणे आहेत. दहांतल्या एखाद्याला जांघेत थोडे दुखणे किंवा बधिरपणा काही महिने राहतो, आणि शंभरांतल्या मोजक्यांना ते रोजच्या कामात आडवे येण्याइतके त्रास देते. हे सर्जनने आधीच सांगायला हवे. जाळीने पुरुषत्व जाते ही भीती मात्र निराधार आहे. दुखणे थांबले की नवरा-बायकोचे संबंध पूर्ववत ठेवता येतात.

बाळाला आणि बाईला थांबणे नाही

वर थांबण्याविषयी लिहिले ते फक्त मोठ्या पुरुषांसाठी. तान्ह्या मुलाच्या जांघेत रडताना फुगवटा दिसत असेल तर तो ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून सोडू नका. बेंबीचा फुगवटा बहुधा आपोआप जातो, जांघेचा जात नाही. लहान बाळात आतडे अडकण्याची भीती मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त. महिने भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना तर अधिकच. मुलांच्या शस्त्रक्रियेत जाळी घालत नाहीत, फक्त न मिटलेली पिशवी बांधतात. अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्याला दाखवा. पुढची व्यवस्था मोफत होते.

बाईच्या जांघेतल्या गाठीकडे तर डॉक्टरचेही दुर्लक्ष होते. तिच्यात गाठ बरेचदा जरा खाली, मांडीच्या वरच्या टोकाशी असते, लहानशी असते आणि हीच जात फार लवकर अडकते. रोवणीत दिवसभर वाकून उभ्या असलेल्या बाईने तिथे गाठ लागल्याचे सांगितले तर त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा.

पैशाचे

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत तपासण्या व उपचार मोफत आहेत. खासगी रुग्णालयात जायचे झाले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. मात्र प्रत्येक शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णालयात या योजनेत बसत नाही. तेव्हा भरती होण्याआधी शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि स्पष्ट विचारा: माझा हर्निया इथे योजनेत होईल का, जाळीचे वेगळे पैसे लागतील का? योजनेचा दूरध्वनी १५५३८८ आहे.

सर्जनलाही प्रश्न विचारायला लाजू नका. महिन्याला असे किती हर्निया करता, भूल कोणती देणार, जाळी कोणती, मला दुखणे राहण्याची शक्यता किती? नीट उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या सर्जनकडे जा. झोपल्यावर आत जाणारी गाठ तेवढी सवड देते. आत न जाणारी, दुखणारी गाठ देत नाही; तेव्हा १०८.